लॅप टायमिंगचा जीपीएस: नुसत्या हर्ट्झवर जाऊ नका

महाराष्ट्रात मोठं रेसिंग सर्किट नाही. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या हौशी मंडळींना ट्रॅक डेसाठी चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई, कोइमतूरचा कारी ट्रॅक किंवा ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट गाठावं लागतं. एवढा खर्च करून मोजकीच सेशन हाती लागतात, म्हणून प्रत्येक लॅपचा हिशेब हवासा वाटतो आणि जीपीएस रिसीव्हरची शोधाशोध सुरू होते. या खरेदीत ऐकीव माहितीचाच भरणा जास्त असतो.

गैरसमज: फोनमध्ये जीपीएस आहेच, मग वेगळा रिसीव्हर म्हणजे उधळपट्टी.

वस्तुस्थिती: फक्त लॅपची ढोबळ वेळ हवी असेल, तर फोनवर भागतं. फोन साधारण सेकंदाला एकदाच स्थान नोंदवतो. ताशी 180 किमी वेगाला तेवढ्यात गाडी 50 मीटर पुढे गेलेली असते. तरीही सरळ पट्ट्यावर वेग फारसा बदलत नाही, त्यामुळे लॅप सुरू-संपण्याची रेघ ओलांडल्याचा क्षण लॅप टायमिंगचं अ‍ॅप दोन नोंदींवरून हिशेबाने काढतं आणि तो बऱ्यापैकी जुळतो.

फोन उघडा पडतो तो ब्रेकवर. 1 जीच्या ब्रेकिंगमध्ये दर सेकंदाला ताशी सुमारे 35 किमी वेग उतरतो. ब्रेक नेमका कुठे दाबला, वळणात सर्वात कमी वेग किती होता, ॲक्सिलरेटर कधी उघडला, हे सगळं दोन नोंदींच्या मधल्या फटीत हरवतं. वेळ कुठे गेली हे शोधायचं असेल, तर सेकंदाला 10 किंवा त्याहून अधिक नोंदी, म्हणजेच किमान 10 हर्ट्झ, लागतात. 2018 च्या शाओमी मी 8 पासून फोनमध्ये ड्युअल फ्रिक्वेन्सी जीपीएस येऊ लागला. इमारतींवर आपटून येणाऱ्या सिग्नलची गफलत त्याने कमी होते, पण सेकंदाला किती नोंदी मिळतात यात त्याने काही फरक पडत नाही.

गैरसमज: 10 हर्ट्झच्या रिसीव्हरची वेळ दशांश सेकंदाने चुकते, 25 हर्ट्झ घेतला की अडीचपट अचूकता.

वस्तुस्थिती: समजा, 180 च्या वेगाला एक नोंद रेघेच्या 2 मीटर आधी पडली आणि पुढची 3 मीटर नंतर. अ‍ॅप पहिल्या नोंदीच्या वेळेत 0.04 सेकंद मिळवतं. त्या दशांश सेकंदात गाडीने जोरात वेग घेतला, तरी या हिशेबातली चूक सेंटिमीटरच्या आतच राहते.

चूक येते ती स्थानातून. दोन लॅपमध्ये स्थान 1 मीटर पुढेमागे झालं, तर ताशी 180 ला 0.02 सेकंदाचा फरक पडतो आणि ताशी 60 ला 0.06 चा. म्हणून अ‍ॅपमध्ये रेघ आखताना ती वेगवान, सरळ भागात आणि ट्रॅकला काटकोनात आखावी. हेअरपिनच्या तोंडाशी आखलेली रेघ महागड्या रिसीव्हरवरही पाणी फिरवते.

जाहिरातीतला आकडाही तपासून घ्या. युब्लॉक्स एम8 या चिपचंच बघा: एकाच देशाच्या उपग्रहांवर ती 18 हर्ट्झपर्यंत जाते, पण जीपीएससोबत रशियाचं ग्लोनास चालू केलं की 10 वर उतरते. जास्त उपग्रह की जास्त नोंदी, असा हा सौदा असतो.

गैरसमज: जीपीएस दोन-तीन मीटर चुकतो, मग त्याच्या लॅप टाइमला काय अर्थ?

वस्तुस्थिती: ही चूक मुख्यतः वातावरणातून सिग्नल येताना होणाऱ्या उशिराची असते आणि ती सावकाश बदलते. लागोपाठच्या दोन लॅपमध्ये स्थान जवळपास एकाच दिशेला, सारख्याच अंतराने सरकलेलं असतं. रेघही तितकीच सरकते आणि वजाबाकीत चूक बरीचशी निघून जाते. वेग तर सिग्नलच्या डॉप्लर बदलावरून थेट मोजला जातो, त्यामुळे तो स्थानापेक्षा जास्त भरवशाचा. मात्र सकाळच्या आणि दुपारच्या सेशनच्या लाइन एकमेकींवर ठेवून "दुपारी एपेक्सला फूटभर आत होतो" असा दावा करू नये.

गैरसमज: रिसीव्हरकडून फोनला नोंदी पाठवताना ब्लूटूथला उशीर लागतो, म्हणजे वेळ चुकणारच.

वस्तुस्थिती: प्रत्येक नोंदीसोबत उपग्रहांच्या घड्याळावरून ठरलेली वेळ येते. नोंद फोनमध्ये थोडी उशिरा पोहोचली, तरी चांगलं अ‍ॅप हिशेब त्या वेळेवरूनच करतं. फरक पडतो तो स्क्रीनवर चालू लॅपचा आकडा दिसण्यात आणि व्हिडिओ जुळवण्यात.

गैरसमज: ब्लूटूथ आहे ना, मग कुठल्याही फोनला चालेल.

वस्तुस्थिती: जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथ सीरियल जोडणीवर चालणारे अनेक रिसीव्हर अँड्रॉइडला सहज जुळतात, आयफोनला नाही. आयफोनसाठी अ‍ॅपलची मान्यता असलेला किंवा ब्लूटूथ लो एनर्जीवर चालणारा रिसीव्हर लागतो. शिवाय तुमचं अ‍ॅप, मग ते रेसक्रोनो असो वा हॅरीज लॅपटायमर, नेमकं ते मॉडेल ओळखतं का, हे पैसे देण्याआधीच बघा.

गैरसमज: रिसीव्हर खिशात किंवा ग्लव्हबॉक्समध्ये टाकला तरी चालतो.

वस्तुस्थिती: सिग्नल इतका क्षीण असतो की पत्रा, कार्बन फायबर, धातूचा थर असलेली काच आणि माणसाचं शरीरही त्याला अडवतं. कारच्या टपावर मधोमध किंवा बाइकच्या टेल पीसवर, आभाळ उघडं दिसेल अशी जागा उत्तम. उपग्रहाच्या कक्षेची माहिती दर 30 सेकंदांनी पुन्हा प्रसारित होते, तर सगळ्या उपग्रहांची यादी पूर्ण यायला साडेबारा मिनिटं लागतात. म्हणून रिसीव्हर पिटलेनमध्ये शिरताना नव्हे, पाव तास आधी पॅडॉकमध्येच चालू करावा.

गैरसमज: चांगला जीपीएस असला की अधिकृत टायमिंगची गरज नाही.

वस्तुस्थिती: 1997 मध्ये फॉर्म्युला वनच्या हेरेझ शर्यतीच्या पात्रता फेरीत व्हिलनव, शूमाकर आणि फ्रेंट्झन या तिघांची वेळ अगदी सारखी, 1:21.072 नोंदली गेली. सेकंदाच्या हजाराव्या भागाचा असा निवाडा गाडीतला ट्रान्सपॉन्डर आणि ट्रॅकखालची तार करतात. हौशी जीपीएस तुमची तुलना तुमच्याशीच करण्यासाठी असतो. त्यामुळे आधी अँटेनाची जागा, मग अ‍ॅपशी जुळणी आणि शेवटी हर्ट्झ, या क्रमाने निवड करा. आणि आयोजकांनाही विचारून घ्या: इंग्लंडमधल्या अनेक ट्रॅक डेंना आणि जर्मनीत न्युर्बर्गरिंगच्या सार्वजनिक फेऱ्यांना वेळ मोजण्यावरच बंदी असते.