नाव लपवलं म्हणून वायफाय लपत नाही

कुंभवलीत संध्याकाळी सातच्या सुमाराला मोबाईलवर वायफायची यादी उघडून बघा. तारापूर एमआयडीसीला लागून असलेलं गाव, कामगारांना भाड्याने दिलेल्या खोल्या भिंतीला भिंत लावून उभ्या. बोट सरकवत राहावं आणि यादी संपू नये. कुणी राऊटरला मुलाचं नाव दिलंय, कुणी कुलदैवताचं, आणि एकाने चक्क ‘पासवर्ड मागू नये’ असंच ठेवलंय. आमच्या शेजारचे काका मात्र या यादीत दिसत नाहीत. केबलवाल्याला सांगून त्यांनी नाव लपवून घेतलंय. “दिसतच नाही, तर चोरणार कोण?”

राऊटर सेकंदाला साधारण दहा वेळा ‘मी इथे आहे’ अशी हाळी देत असतो. नाव लपवलं तरी हाळी चालूच राहते, तिच्यातली नावाची जागा तेवढी कोरी जाते. काकांचा फोन जोडला जाताना तेच नाव उघड्यावर बोलतो आणि फुकट मिळणारं सॉफ्टवेअर ते टिपून घेतं. वर तोटा असा, की लपलेलं नेटवर्क शोधायला फोनलाच त्याला नावाने हाका माराव्या लागतात. काका बोईसर स्टेशनच्या फलाटावर उभे असले तरी त्यांचा फोन घरच्या वायफायचं नाव पुकारत असतो.

पलीकडच्या घरी वेगळाच उपाय चालतो: ठरावीक फोनच जोडले जावेत म्हणून त्यांच्या मॅक पत्त्यांची, म्हणजे प्रत्येक उपकरणाच्या ओळखक्रमांकाची, यादी. पण हा पत्ता पाकिटावरच्या पत्त्यासारखा, मजकूर कितीही कुलूपबंद असला तरी बाहेरून वाचता येतो आणि त्याची नक्कल करता येते. शिवाय 2019 च्या अँड्रॉइड 10 पासून आणि 2020 च्या आयओएस 14 पासून फोन आपणहून बनावट पत्ता वापरतात. म्हणजे चोर आत आणि दिवाळीला आलेली मावशी बाहेर.

“वापरलं कुणी थोडं नेट, बिघडलं कुठे?” हे वाक्य मला सगळ्यात जास्त ऐकू येतं आणि सगळ्यात जास्त खटकतंही. 26 जुलै 2008 ला अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल आला होता. पोलीस माग काढत पोहोचले नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका फ्लॅटवर. तिथे राहणाऱ्या अमेरिकन नागरिकाचा स्फोटांशी संबंध नव्हता, त्याचं वायफाय तेवढं नीट बंदिस्त नव्हतं. तरी चौकशीचा ससेमिरा त्याच्याच मागे लागला, कारण कनेक्शन त्याच्या नावावर. पुढच्या दोन महिन्यांत माटुंग्याचं एक कॉलेज आणि चेंबूरची एक कंपनी यांचं वायफाय अशाच ईमेलसाठी वापरलं गेलं. जानेवारी 2009 मध्ये मुंबई पोलीस लॅपटॉप घेऊन उघडी वायफाय शोधत रस्त्यांवर फिरले आणि फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित ठेवण्याच्या सूचना काढल्या. नेटचा डेटा संपला तर पुन्हा भरता येतो. पोलीस ठाण्यात बसून ‘मी नव्हतो’ हे पटवून देणं वेगळं काम आहे.

मग कुलूप कुठलं? 1997 मधलं डब्ल्यूईपी 2001 मध्येच फुटलं, ते कुठल्या जुन्या राऊटरवर अजून असेल तर राऊटरच बदला. 2004 चं डब्ल्यूपीए2 चालेल, 2018 चं डब्ल्यूपीए3 असेल तर उत्तम. पण कुलूप चांगलं आणि किल्ली पायपुसण्याखाली, असा आपला प्रकार असतो. आपल्याकडे पासवर्ड म्हणजे बहुधा घरमालकाचा मोबाईल नंबर. दहा आकडे, पहिला सहा ते नऊमधला: सगळे मिळून चार अब्ज पर्याय. माणसाला हा आकडा अफाट वाटतो, पण फोन जोडला जातानाची देवाणघेवाण एकदा टिपून नेली की चांगलं ग्राफिक्स कार्ड घरी बसून काही तासांत सगळे पर्याय तपासतं. त्यापेक्षा आपल्याच बोलीतले चारपाच असंबद्ध शब्द एकापुढे एक जोडा. पासवर्डऐवजी पिनने जोडून देणारी डब्ल्यूपीएसची सोय बंद करा. तिचा पिन आठ आकडी असला तरी तो दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे 11,000 प्रयत्नांत सापडतो, हे 2011 मध्येच उघड झालंय. आणि राऊटरच्या सेटिंगचा पासवर्ड वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो, तो कारखान्यातून आला तसाच ठेवू नका. 2016 मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राऊटर असेच न बदललेले पासवर्ड वापरून ताब्यात घेतले होते.

आता आमच्या भागातला खास समज. नेट अडकलं की कुणीतरी पश्चिमेकडे बोट दाखवतं: “अणुभट्टी आहे ना, लहरी येणारच.” तारापूरच्या अणुवीज केंद्रातली वीज 1969 पासून चालू आहे, पण अणुभट्टी म्हणजे रेडिओ केंद्र नव्हे. तिथलं किरणोत्सर्जन आणि वायफायच्या लहरी यांची जात वेगळी, ते पहिलं तुमच्या राऊटरपर्यंत पोहोचत असतं तर नेट ही शेवटची काळजी ठरली असती. कारखान्यांचा भार वाढून व्होल्टेज पडलं तर राऊटर बंद होऊन पुन्हा चालू होतो हे खरं, पण तो दोष विजेचा.

खरा गोंगाट शेजाऱ्यांचा. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चॅनेल तेरा, पण एकमेकांत न मिसळणारे तीनच: 1, 6 आणि 11. एकाच चॅनेलवरचे राऊटर सार्वजनिक नळावरच्या बायकांसारखे नंबर लावून थांबतात, वेळ लागतो पण काम होतं. ‘3 नंबर रिकामा दिसतोय’ म्हणून तिथे गेलात, तर 1 आणि 6 या दोन्हींचा कलकलाट तुमच्या अंगावर, आणि तुमचा त्यांच्या. म्हणूनच फोनवर पट्ट्या पूर्ण दिसूनही व्हिडिओ फिरत राहतो. पट्ट्या आवाजाचा जोर सांगतात, रांगेची लांबी सांगत नाहीत. टीव्ही राऊटरजवळ असेल तर तो 5 गिगाहर्ट्झवर टाका. या पट्ट्यातली भरपूर जागा सरकारने 2018 मध्ये परवानामुक्त केली आहे. त्याच्या लहरी भिंतीपलीकडे कमी जातात, खोल्यांच्या दाटीत हीच त्याची चांगली बाजू. आणि राऊटर पत्र्याच्या कपाटावर किंवा पाण्याच्या टाकीमागे ठेवू नका: पत्रा लहरी परतवतो, पाणी पिऊन टाकतं.

काकांनी नाव पुन्हा उघडं केलंय, पासवर्ड बदललाय. आमच्या ओळीतल्या तीन घरांनी 1, 6 आणि 11 वाटून घेतलेत. तुमच्या ओळीत कोण कुठल्या चॅनेलवर आहे, ते आज जेवणं झाल्यावर बघा. अँड्रॉइड फोनवर ते दाखवणारी ॲप फुकट मिळतात.