इंग्रजी आधी कानावर पडू द्या

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवली जाते. म्हणजे उर्दू माध्यमाचं मूल दहावी संपेपर्यंत दहा वर्षं इंग्रजी शिकलेलं असतं. तरीही अकरावी सायन्सला गेल्यावर चांगली हुशार मुलंही पहिल्याच महिन्यात गांगरतात. काही मुली तर तिथेच तालीम सोडून घरी बसतात. आमच्या मते इथे अक्कल कमी पडत नाही, कानाची सवय कमी पडते.

उर्दू लिहिताना ज़ेर, ज़बर, पेश सहसा लिहीत नाहीत. मूल तरी बरोबर वाचतं, कारण तो शब्द त्याने अम्मीच्या तोंडून शंभर वेळा ऐकलेला असतो. इंग्रजीतही स्पेलिंगवरून उच्चार नेहमी कळत नाही. बी-यू-टी 'बट' होतं, पण पी-यू-टी 'पुट' होतं. न ऐकलेला शब्द मूल वाचणार कसा? मग ते स्पेलिंग पाठ करतं आणि परीक्षा झाली की विसरतं.

इथे मोबाईल, स्पीकर, चित्र, व्हिडिओ कामाला येतात. आवाज, चित्र आणि अक्षर एकाच वेळी समोर आलं की शब्द डोक्यात पक्का बसतो. शिक्षणशास्त्रात याला बहुमाध्यमी अध्यापन म्हणतात. आयआयएम अहमदाबादचे ब्रिज कोठारी यांनी १९९६ मध्ये एक साधी कल्पना मांडली. टीव्हीवरच्या गाण्याखाली त्याच भाषेत ओळी दाखवायच्या, म्हणजे गाणं ऐकता ऐकता वाचनाचा सराव होतो. इंग्रजीसाठीही हाच उपाय चालतो. इंग्रजी गोष्टीखाली उर्दू किंवा हिंदी नको, इंग्रजीच सबटायटल लावा.

वर्गात स्मार्ट बोर्ड नसला तरी अडत नाही. एक मोबाईल आणि छोटा स्पीकर पुरतो. आम्ही शिक्षक तीन पायऱ्यांनी जातो. आधी दोन मिनिटांची गोष्ट नुसती ऐकायची, पुस्तक बंद. मग तीच गोष्ट चित्र आणि अक्षरांसह पाहायची. शेवटी मुलाने त्यातली चार वाक्यं स्वतः बोलून रेकॉर्ड करायची आणि ऐकायची.

या रेकॉर्डिंगचा फायदा मोठा. उर्दूत शब्दाच्या सुरुवातीला जोडाक्षर सहसा येत नाही, म्हणून आपली मुलं 'स्कूल'ला 'इस्कूल' आणि 'स्टेशन'ला 'इस्टेशन' म्हणतात. शिक्षकाने वर्गात टोकलं तर मूल लाजतं, पुन्हा तोंडच उघडत नाही. स्वतःचा आवाज ऐकला की त्याचं त्यालाच कळतं. दुसरीकडे 'झू' आणि 'फॅन'मधले उच्चार उर्दूमुळे आपल्या मुलांच्या जिभेवर आधीच असतात. ही आपली जमेची बाजू आहे, तीही मुलांना सांगायला हवी.

बालभारतीच्या अनेक पुस्तकांवर क्यूआर कोड असतो. 'दीक्षा' ॲपने तो स्कॅन केला की धड्याशी संबंधित ऑडिओ-व्हिडिओ साहित्य उघडतं. शिक्षकांनी ते घरी आधी पाहून डाउनलोड करून ठेवावं, वर्गात नेटची वाट पाहण्यात तास जातो.

मात्र पडद्यावर जास्त झगमगाट म्हणजे जास्त शिक्षण, असं नाही. शब्दांसोबत चित्र असेल तर शिकणं सोपं होतं, पण पडद्यावर नको त्या गोष्टींची गर्दी झाली तर अडथळा येतो, असं अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांनी प्रयोगांतून दाखवलं आहे. मूल नुसतं बघत बसलं तर ते मनोरंजन झालं. बोललं, लिहिलं, तरच ती तालीम.

पालकांना एकच विनंती. बऱ्याच घरांत एकच मोबाईल असतो आणि तो अब्बांसोबत कामावर जातो. रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटं तो मुलांना द्या, मुलाला आणि मुलीला सारखाच. शेजारी बसा. तुम्हाला इंग्रजी येत नसेल तरी चालेल. "बेटा, आज काय ऐकलंस, मला सांग," एवढं विचारा. तिने उर्दूत सांगितलं तर समजलं म्हणायचं. मग म्हणा, "आता हेच इंग्रजीत सांग."