जिप्सम फळ्यांच्या पोकळ भिंतीवर जड सपाट पटल बसविणे : महाविद्यालयीन वर्गखोल्यांच्या संदर्भात एक विवेचन

बीजसंज्ञा : जिप्सम बोर्ड, पोकळ भिंत, भारवहन, टॉगल बोल्ट, वर्गखोलीची सुरक्षितता

प्रस्तावना :

गेल्या दीड-दोन दशकांत महाविद्यालयांच्या अंतर्रचनेत दोन बदल जवळजवळ एकाच वेळी घडून आले. मोठ्या दालनांचे विभाजन करून परिसंवाद कक्ष, भाषा प्रयोगशाळा वा विभागीय ग्रंथालय निर्माण करण्यासाठी जिप्सम फळ्यांच्या हलक्या भिंती, म्हणजेच बोलीभाषेतील ‘जिप्सम पार्टिशन’, उभारल्या जाऊ लागल्या. दुसरीकडे प्रक्षेपक व पांढरा पडदा यांची जागा मोठे दूरचित्रवाणी संच आणि स्पर्शसंवेदी पटले घेऊ लागली. २०२०-२१ मधील ऑनलाइन अध्यापनाच्या अनुभवानंतर या प्रक्रियेस विशेष गती मिळाली. हे दोन बदल ज्या ठिकाणी एकत्र येतात, त्या ठिकाणी एक व्यावहारिक पण गंभीर प्रश्न उभा राहतो. ७५ इंची स्पर्शसंवेदी पटलाचे वजन सर्वसाधारणपणे ५० किलोग्रॅमच्या आसपास असते. जी भिंत मुळात केवळ आडोशासाठी बांधलेली आहे, तिने हा भार कसा पेलावा? पटलाखाली विद्यार्थी बसलेले असतात, ही बाब लक्षात घेतली म्हणजे या प्रश्नाचे महत्त्व वेगळे सांगण्याची आवश्यकता राहत नाही. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची शास्त्रीय बाजू आणि त्यावरील उपाय यांचे विवेचन केले आहे.

पोकळ भिंतीची रचना :

जिप्सम हे कॅल्शियम सल्फेटचे जलयुक्त खनिज होय. त्याच्या वजनाचा सुमारे एकपंचमांश भाग स्फटिकजलाचा असतो. त्यामुळे ते आगीस काही काळ रोखून धरते. या खनिजाचा गाभा दोन जाड कागदांच्या मध्ये घालून फळी तयार करण्याच्या कल्पनेचे एकस्व अमेरिकेत ऑगस्टाइन सॅकेट यांनी १८९४ मध्ये घेतले. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या गृहबांधणीत अशा फळ्यांचा तेथे मोठा प्रसार झाला. भारतात प्रचलित असलेली फळी बहुधा १२.५ मिलिमीटर जाडीची असते.

या फळीचे बळ तिच्या कागदात आहे. जिप्समचा गाभा दाब बऱ्यापैकी सहन करतो, परंतु ताण सहन करू शकत नाही. तो ठिसूळ असल्याने भुगा होऊन सुटतो. दमट हवेत किंवा गळतीमुळे ओलावा शिरल्यास ही शक्ती आणखी घटते. कोकणपट्टीतील व मुंबईतील पावसाळा पाहता ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही.

फळ्या ज्या सांगाड्यावर स्क्रूने बसविलेल्या असतात, तो आपल्याकडे प्रायः जस्ताचा मुलामा दिलेल्या पातळ पोलादी पत्र्याचा असतो. त्याचे उभे चॅनल साधारण ६०० मिलिमीटर अंतरावर असतात आणि पत्र्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. येथे एक महत्त्वाचा भेद ध्यानात घ्यावा लागतो. अमेरिकी घरांतील भिंतींचा सांगाडा बहुधा लाकडी असून त्याचे खांब पुष्कळदा १६ इंचांवर असतात. त्यामुळे ‘खांब शोधा आणि त्यात जाड स्क्रू पिळा’ ही तेथील पुस्तिकांतील व चित्रफितींतील सूचना तेथे योग्य ठरते. पातळ पत्र्याच्या चॅनलमध्ये मात्र स्क्रूच्या एक-दोन आट्यांनाच पकड मिळते. परदेशी सूचना येथे जशीच्या तशी अमलात आणणे म्हणूनच धोक्याचे आहे.

भाराचे स्वरूप :

भिंतीवर टांगलेल्या पटलाचा भार केवळ खाली ओढतो, असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात तो दोन प्रकारे कार्य करतो. पहिला प्रकार म्हणजे खालच्या दिशेने पडणारे वजन. दुसरा म्हणजे पटलाचा गुरुत्वमध्य भिंतीपासून पुढे असल्यामुळे निर्माण होणारी, वरच्या स्क्रूंना भिंतीतून बाहेर खेचणारी ओढ. ही ओढ स्थूलमानाने काढता येते : पटलाच्या वजनास गुरुत्वमध्याच्या भिंतीपासूनच्या अंतराने गुणावे आणि वरच्या व खालच्या स्क्रूंमधील उभ्या अंतराने भागावे.

उदाहरणार्थ, ५० किलोचे पटल भिंतीलगत बसविले, गुरुत्वमध्य १० सेंटीमीटर पुढे आला आणि स्क्रूंमधील उभे अंतर ४० सेंटीमीटर असले, तर वरच्या स्क्रूंवर एकत्रितपणे १२.५ किलोभाराची ओढ येते. तेच पटल पुढे ओढता येणाऱ्या घडीच्या हातावर बसविले, गुरुत्वमध्य ५० सेंटीमीटर पुढे गेला आणि भिंतीवरील पट्टीतील स्क्रूंचे अंतर २५ सेंटीमीटरच असले, तर ही ओढ १०० किलोभार होते. वजन तेच, पण ओढ आठपट! यावरून पोकळ भिंतीवर घडीचा हात का टाळावा, हे स्पष्ट होते.

स्पर्शसंवेदी पटलाच्या बाबतीत आणखी एक घटक विचारात घ्यावा लागतो. त्यावर लिहिताना, पुसताना, क्वचित त्यावर रेलताना कमी-अधिक बल वारंवार पडत राहते. अशा आवर्ती भाराने छिद्राच्या कडा हळूहळू झिजतात. बसविल्या दिवशी घट्ट वाटणारा स्क्रू काही महिन्यांनी सैल होतो, तो यामुळेच.

प्रचलित चुकीची पद्धत :

विटांच्या वा काँक्रीटच्या भिंतीत ड्रिलने छिद्र पाडून प्लॅस्टिकची गिट्टी ठोकायची व तीत स्क्रू पिळायचा, ही सर्वपरिचित पद्धत होय. स्क्रू आत जाताना गिट्टी फुगते व सभोवतालच्या घन पदार्थावर दाब देऊन घर्षणाने टिकून राहते. पोकळ भिंतीत मात्र तिच्याभोवती १२.५ मिलिमीटरची ठिसूळ फळी असते आणि मागे केवळ हवा. फुगणारी गिट्टी येथे पकड घेण्याऐवजी गाभ्याचा भुगा करते. पटल बसविणारा कारागीर ही पद्धत सवयीने वापरतो. कारण त्याला बहुतेकदा भिंत कोणती आहे हे सांगितलेलेच नसते.

सुरक्षित पर्याय :

१) भिंत उभारतानाच आधार देणे. पटलाची जागा आधी निश्चित करून त्या उंचीवर दोन चॅनलच्या मध्ये १८ मिलिमीटर जाडीचे प्लायवुड पक्के बसवावे आणि मग फळी लावावी. सर्वांत कमी खर्चाचा व सर्वांत विश्वसनीय मार्ग हाच होय.

२) तयार भिंतीस आधार देणे. फळीचा आवश्यक तेवढा भाग कापून आत प्लायवुड बसवावे व नवी फळी लावून सांधा भरावा. ते शक्य नसल्यास किमान तीन चॅनलना व्यापणारी प्लायवुडची फळी बाहेरून प्रत्येक चॅनलमध्ये अनेक स्क्रू घालून बसवावी व कंस तिच्यावर आरपार बोल्टने जोडावा. पटलामागील छिद्रांची मांडणी ‘व्हेसा’ या संस्थेच्या मानकानुसार असते. मोठ्या पटलांत ४०० मिलिमीटर अंतर सामान्य आहे. ते चॅनलच्या ६०० मिलिमीटर अंतराशी जुळत नाही. प्लायवुड ही तफावत भरून काढते आणि भारही विभागते.

३) टॉगल बोल्टचा वापर. या बोल्टचे पंख छिद्रातून मिटलेल्या स्थितीत आत जातात व मागे उघडून फळीच्या विस्तृत भागावर भार पसरवतात. ते चॅनलच्या पत्र्यातून आरपार घातल्यास अधिक चांगले. वेष्टनावर छापलेला आकडा बहुधा फळी तुटण्याच्या वेळचा कमाल भार असतो. सुरक्षित भार त्याच्या एकचतुर्थांश धरणे इष्ट. हलक्या संचांसाठी हा मार्ग पुरेसा ठरतो, जड स्पर्शसंवेदी पटलासाठी केवळ यावर विसंबू नये.

४) भार जमिनीवर नेणे. जमिनीवर टेकणारा स्टँड वापरून भिंतीस केवळ तोल सांभाळण्यापुरते जोडावे, अथवा पटल विटांच्या भिंतीवर हलवावे. भाड्याच्या वा तात्पुरत्या जागेत हा पर्याय विशेष उपयुक्त आहे.

कार्यपद्धती व देखभाल :

भिंतीवर बोटाने ठोकल्यास पोकळ व भरीव आवाजातील फरक कळतो. लोहचुंबक फिरविल्यास फळीचे स्क्रू सापडतात आणि ते ज्या उभ्या रेषेत येतात, तेथे चॅनल असतो. लहान छिद्र पाडून सांगाडा लाकडी की पत्र्याचा याची खात्री करावी. विद्युतवाहिन्या बहुधा स्विचबोर्डच्या सरळ वर वा खाली असतात. म्हणून ड्रिल करण्यापूर्वी त्या खोलीचा वीजपुरवठा बंद ठेवावा. संपूर्ण पार्टिशनच वरच्या व खालच्या पट्टीत सैल असेल, तर उत्तम कंसाचाही उपयोग होत नाही. तेव्हा भिंत हाताने ढकलून तिचे डोलणे तपासावे.

पटल बसविल्यानंतर प्रत्येक सत्राच्या आरंभी पाहणी करावी. कंस व भिंत यांमध्ये वरच्या बाजूस फट पडणे, कागद फुगणे, खाली पांढरी भुकटी साचणे किंवा पटल पुढे झुकणे ही सैलपणाची लक्षणे होत. यांपैकी एकही आढळल्यास वापर थांबवून पटल उतरवावे.

निष्कर्ष :

१) पोकळ भिंतीवरील पटलाची सुरक्षितता त्याच्या वजनाइतकीच गुरुत्वमध्याच्या भिंतीपासूनच्या अंतरावर अवलंबून असते.

२) जिप्सम फळीने भार पेलावा ही अपेक्षाच चुकीची आहे, भार सांगाड्यावर, प्लायवुडवर किंवा जमिनीवर गेला पाहिजे.

३) महाविद्यालयाच्या खरेदी समितीने दरपत्रक मागविताना पटलाचा आकार व हमीकाल यांबरोबरच पटलाचे वजन, भिंतीचा प्रकार आणि आधाराची पद्धत यांचा लेखी उल्लेख करावा. आज दरपत्रकात भिंतीचा उल्लेख नसतो आणि जबाबदारी अखेरीस ड्रिल हाती घेतलेल्या कारागिरावर पडते. वस्तुतः पटल कोठे टांगायचे हा निर्णय संस्थेचा असतो. त्यामुळे ते सुरक्षितपणे टांगले गेले आहे याची खातरजमा करण्याचे दायित्वही संस्थेचेच ठरते.