किनारी बेटांच्या पाऊलवाटा, लेखांक ६ : चोडणचे कांदळवन

मांडवी आणि म्हापसा या नद्यांच्या मध्ये वसलेल्या चोडण बेटाच्या पश्चिम टोकावर १.७८ चौरस किलोमीटरचे खारफुटीचे जंगल असून, १९८८ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळालेल्या या जंगलाला पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली (१८९६-१९८७) यांचे नाव आहे. रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीने नदी ओलांडली की थोड्याच अंतरावर प्रवेशद्वार लागते आणि तेथून कांदळवनातून जाणारी पायवाट निरीक्षण मनोऱ्याकडे नेते. पक्ष्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या वाटेवर बहुतेकांची नजर फांद्यांवर खिळलेली असते. परंतु येथे कोणते झाड कोठे उगवले आणि कोणता जीव कोठे राहिला याचा उलगडा वर पाहून होत नाही, तर चिखलाची उंची पाहून होतो.

दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचे पाणी मधल्या भांगाच्या दिवसांतील पाण्यापेक्षा बरेच वर चढते. त्यामुळे एखादी जागा शेजारच्या जागेपेक्षा वीतभर उंच असली, तरी ती पाण्याखाली किती वेळ राहणार आणि किती दिवस अजिबात भिजणार नाही हे बदलते. पाण्याने सतत संपृक्त असलेल्या या चिखलात हवा शिरत नाही. तेथे प्राणवायूशिवाय जगणारे जीवाणू समुद्राच्या पाण्यातील सल्फेट वापरून हायड्रोजन सल्फाइड वायू सोडतात आणि ओहोटीच्या वेळी येणारा उग्र दर्प त्याचाच असतो. याशिवाय पाण्याचा खारेपणाही स्थिर नसतो, कारण पावसाळ्यात मांडवीचे पाणी येथे जवळजवळ गोडे होते, तर उन्हाळ्यात समुद्राचे पाणी खाडीतून दूरवर आत चढते.

गुदमरवणारा चिखल आणि मीठ या दोन अडचणींवर प्रत्येक वृक्षाने वेगळा उपाय शोधला आहे. तिवराची मुळे जमिनीखाली आडवी पसरतात आणि त्यांवरून शिसपेन्सिलींसारखे असंख्य कोंब सरळ वर येतात. ही श्वसनमुळे होत, म्हणजे ज्यांच्या सालीवरील सूक्ष्म छिद्रांतून हवा आत घेऊन ती खालच्या मुळांना पुरवली जाते अशी मुळे. शरीरात आलेले जादा मीठ तिवर पानांवरील ग्रंथींतून बाहेर टाकतो, म्हणून कोरड्या दिवसांत त्याचे पान जिभेला खारट लागते. कांदळ मात्र बहुतेक मीठ मुळांपाशीच अडवतो आणि खोडातून निघालेल्या कमानदार आधारमुळांवर उभा राहतो. त्याचे बी झाडावर असतानाच रुजते. या गुणाला जरायुजता म्हणतात. फळातून बाहेर आलेला लांब हिरवा दांडा कित्येक महिने झाडाच्या अंगावर वाढतो आणि गळून पडल्यावर पाणी नसेल तर खालच्या चिखलात रुततो, पाणी असेल तर वाहत जाऊन दुसरीकडे मूळ धरतो. भरती-ओहोटीच्या जागेत उघड्या बियाला रुजायला पुरेशी सवड क्वचितच मिळते हे ध्यानात घेतले, म्हणजे या रीतीचे मोल कळते.

पाण्याच्या काठाला चिप्पी आढळते, जिची पांढऱ्या केसरांची फुले रात्री उमलतात आणि वटवाघळे व पतंग त्यांचे परागण करतात. जमिनीच्या बाजूला थोड्या उंचीवर हुरी आणि काटेरी पानांची, निळ्या फुलांची मारांडी आहे. हुरीची फांदी मोडू नये, कारण तिचा पांढरा चीक डोळ्यांत गेल्यास तात्पुरते अंधत्व येते.

ओहोटी लागली की चिखलावर निवट्या बाहेर येतात. हा मासा असूनही ओलसर त्वचेतून आणि तोंडाच्या आतील अस्तरातून हवेतला प्राणवायू घेतो आणि पुढच्या परांवर रेलत चालतो. त्याच्या शेजारी फिडलर खेकड्याचा नर आपला एकच अवाढव्य आकडा हलवून मादीला बोलावतो. खेकड्यांची बिळे या जंगलाला फार उपकारक आहेत, कारण त्यांतून पाणी आणि हवा चिखलात खोलवर पोचते आणि बिळात ओढून नेलेली पाने तेथेच कुजून झाडांना परत मिळतात. चिखलातील अशा लहान जीवांवर हिवाळ्यात तुतवार, चिखले आणि कोरल येतात. त्यांच्या चोचींची लांबी वेगवेगळी असल्यामुळे एकाच चिखलाच्या वेगवेगळ्या थरांतील भक्ष्य त्यांच्या वाट्याला येते. समुद्री बगळा, काळ्या डोक्याचा खंड्या, पाणमांजरे आणि कोल्हे हेही या बेटाचे रहिवासी आहेत.

याच वीतभर उंचीवर माणसानेही आपली शेती उभी केली आहे. गोव्यातील खाजन जमिनी मातीच्या बांधांनी खाडीपासून वेगळ्या केलेल्या असून, पाणी आत-बाहेर करण्यासाठी बांधात ‘मानस’ नावाची झडपेची वाट असते. भरतीच्या दाबाने झडप आपोआप मिटते आणि ओहोटीला आतले पाणी बाहेर जाण्यासाठी उघडते. आत खारटपणा सोसणारा कोरगूट भात पिकतो आणि मानसीपाशी कोळंबी व मासे धरले जातात. मांडवी-जुवारी जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात मगरी राहतात आणि त्या काठच्या काही गावांत पौष अमावास्येला चिखलाची मगर घडवून तिची पूजा करतात. ‘मानगे थापणी’ या नावाच्या या विधीत बांधाची राखण करणाऱ्या प्राण्याविषयीचा आदर आहे.

बांधांची देखभाल पूर्वी गावकरी संस्था सामुदायिकपणे करीत असे. ती व्यवस्था सैल झाली, शिवाय कोळंबीच्या उत्पन्नासाठी खारे पाणी आत सोडण्याचा मोह वाढला, तेव्हा बांध फुटलेल्या शेतांत मीठ साचून भात संपला आणि तिवर-कांदळाची रोपे आपसूक उगवली. किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या नियमांनी कांदळवनाला कडक संरक्षण दिलेले असल्यामुळे, एकदा शेतात कांदळवन उभे राहिले की ते तोडून पुन्हा भात लावणे शेतकऱ्याला शक्य होत नाही. दोन्ही गोष्टी मोलाच्या आहेत. म्हणून कांदळवन नदीच्या बाजूला वाढू देणे आणि आतली खाजने राखण्यासाठी फुटलेला बांध पहिल्याच हंगामात दुरुस्त करणे, हाच चोडणसारख्या बेटाला परवडणारा मार्ग दिसतो.