रिपोर्ट नॉर्मल, पण डोळा लाल



कन्नड तालुक्यातल्या एका भिल्ल वस्तीवरच्या तरुण ऊसतोड कामगाराला आपण गेल्या तिमाहीत घाटी रुग्णालयात नेले. डोळा महिनाभर लाल, उजेडाकडे बघवत नव्हते. वस्तीवर सगळे म्हणत, 'डोळे आलेत, जातील.' पण चिपडे नव्हती आणि लाली बुबुळाच्या कडेला जास्त होती. निदान झाले युव्हिआयटिस, म्हणजे डोळ्याच्या मधल्या थराचा दाह. थेंब सुरू झाले.

पंधरा दिवसांनी तो रक्ताचा कागद घेऊन आला. "ताई, सगळं नॉर्मल आहे. थेंब बंद केले." मला धडकीच भरली.

त्या कागदावर दोन तपासण्या होत्या. ईएसआरसाठी रक्त उभ्या नळीत तासभर ठेवतात आणि तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते मोजतात. अंगात दाह असला की यकृत काही प्रथिने जास्त सोडते. त्यामुळे पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या चिकटतात आणि भराभर खाली बसतात. दुसरी सीआरपी. हेही यकृतातलेच प्रथिन, १९३० साली न्यूमोनियाच्या रोग्यांच्या रक्तात सापडलेले. ते काही तासांत चढते आणि दाह शमला की लवकर उतरते. ईएसआर उतरायला आठवडे घेतो.

पण डोळा तो केवढासा! दाह तेवढ्यापुरताच असेल तर रक्ताला त्याची खबरही लागत नाही. उलटेही घडते. आपल्या वस्त्यांवरच्या कितीतरी बायकांच्या अंगात रक्त कमी असते, आणि तेवढ्यानेच ईएसआर वाढलेला दिसतो. गरोदरपणातही वाढतो. डोळ्यातला दाह किती उरला आहे हे डॉक्टर स्लिट लॅम्पखाली, आतल्या पाण्यात तरंगणाऱ्या पेशी पाहून ठरवतात. रक्त तपासायचे ते डोळ्यामागे दुसरा आजार दडला आहे का, याच्या शोधासाठी: क्षयरोग, मणक्याचा संधिवात आणि असेच काही. तिथेही एकट्या ईएसआर-सीआरपीवर भागत नाही, छातीचा एक्स-रे आणि इतर तपासण्या लागतात.

आम्ही त्याला तसेच परत नेले. पेशी अजून होत्या, बाहुलीची कड आतल्या भिंगाला चिकटू लागली होती. थेंब पुन्हा सुरू झाले. हे स्टेरॉइडचे थेंब एकदम सोडायचे नसतात, डॉक्टर सांगतील तसे कमी करायचे. आणि मनाने दुकानातून आणून तर कधीच घालायचे नाहीत, त्याने काचबिंदू होऊ शकतो.

त्या दिवशी डॉक्टरांनी त्याला पाठीबद्दल विचारले. सकाळी तासभर पाठ आखडलेली असते, काम सुरू केले की मोकळी होते, असे तो म्हणाला. कोयता चालवणाऱ्याची पाठ दुखणारच, असे आम्हीही धरून चाललो होतो! आता एचएलए-बी२७ ही तपासणी सांगितली आहे.

दसऱ्यानंतर त्याची टोळी कारखान्यावर निघेल. त्याआधी शहराच्या दोन फेऱ्या व्हायच्या आहेत. एसटीचे भाडे आणि बुडणारी मजुरी आपल्या वर्गणीतून देत आहोत. प्रार्थनेत त्याची आठवण ठेवावी.