मुलांची डोकेदुखी : बहाणा नव्हे, आजार

मुलाने वारंवार डोके दुखत असल्याची तक्रार केली, की घरात बहुधा दोनच तर्क केले जातात : चष्म्याचा नंबर आला असावा, नाहीतर शाळा चुकवण्याचा बहाणा असावा. डोळे तपासून घेणे योग्यच असले, तरी अशा डोकेदुखीचे मूळ दृष्टिदोषात क्वचितच सापडते. ताप, सर्दी किंवा इजा यांसारख्या अन्य विकारामुळे उद्भवणाऱ्या डोकेदुखीस दुय्यम, तर जिच्यामागे असा विकार नसतो तिला प्राथमिक डोकेदुखी म्हणतात. शाळकरी मुलांत पुन्हापुन्हा होणारी डोकेदुखी बहुतांशी प्राथमिक, म्हणजे ताणजन्य किंवा अर्धशिशीची असते.

ताणजन्य डोकेदुखीत डोके आवळल्यासारखे वाटते, पण मूल सहसा आपले व्यवहार चालू ठेवू शकते. अर्धशिशीत, म्हणजेच मायग्रेनमध्ये, मात्र ते खेळ टाकून अंधाऱ्या, शांत खोलीत जाऊन पडते, त्याला मळमळते वा उलटी होते आणि झोप झाल्यावर बरे वाटते. प्रौढांमध्ये ही वेदना बहुधा एका बाजूस असते, तर मुलांत ती अनेकदा कपाळाच्या दोन्ही बाजूंना जाणवते आणि दोन तासांतही ओसरू शकते. त्यामुळे ती ओळखण्यात चूक होते. आई-वडिलांपैकी कोणाला अर्धशिशी असल्यास निदानास बळकटी येते.

प्राथमिक डोकेदुखीची लक्षणे स्पष्ट असून मज्जासंस्थेची तपासणी निर्दोष असेल, तर मेंदूच्या स्कॅनची सहसा गरज नसते. परंतु पहाटे वेदनेने जाग येणे व त्याबरोबर उलट्या होणे, खोकताना किंवा आडवे होताना दुखणे वाढणे, एकाचे दोन दिसणे, तोल जाणे, झटके येणे, तापासह मान ताठरणे, किंवा अचानक असह्य वेदना उसळणे, यांपैकी काहीही आढळल्यास विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे.

उपचारांचा पाया दिनचर्येत असतो. उपाशीपोटी शाळेत जाणे, पाणी कमी पिणे, अपुरी झोप, सुट्टीच्या दिवशी झोपेची वेळ बदलणे आणि परीक्षेचा ताण यांनी अर्धशिशी चाळवते. म्हणून दुखण्याचा दिवस, वेळ, आधीचे खाणे व झोप यांची नोंदवही ठेवल्यास प्रत्येक मुलाची स्वतंत्र कारणे उघड होतात. अमेरिकेत 8 ते 17 वर्षे वयाच्या मुलांवर झालेल्या आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अमिट्रिप्टिलिन व टोपिरामेट ही प्रतिबंधक औषधे औषधी घटक नसलेल्या गोळीपेक्षा, म्हणजे प्लासिबोपेक्षा, सरस ठरली नाहीत. त्या गोळीनेही सुमारे 60 टक्के मुलांचे दुखण्याचे दिवस निम्म्यावर किंवा त्याहून खाली आले. विचार आणि वर्तनाला वळण देणाऱ्या मानसोपचाराचा लाभ मात्र चाचण्यांतून दिसून आला आहे.

वेदना सुरू होताच मुलाच्या वजनानुसार डॉक्टरांनी ठरवून दिलेली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनची मात्रा द्यावी. अ‍ॅस्पिरिन मात्र यकृत व मेंदूला इजा करणाऱ्या राय सिंड्रोमच्या धोक्यामुळे मुलांना देऊ नये. वेदनाशामक महिन्यातील पंधरा किंवा अधिक दिवस घेतले जाऊ लागले, तर त्यानेच डोकेदुखी जडू शकते. म्हणून पालकांनी व शिक्षकांनी मुलाच्या तक्रारीवर आधी विश्वास ठेवावा, आणि वारंवार औषधाच्या डब्याकडे वळावे लागू नये यासाठी त्याचे जेवण, पाणी व झोप यांकडे पाहावे.