‘ऑब्झर्व्ह’ : पाळणे आणि पाहणे

इंग्रजी ग्रंथांच्या आधारे धम्माचा अभ्यास करणाऱ्या उपासक-उपासिकांना ‘ऑब्झर्व्ह’ हे क्रियापद पदोपदी भेटते. पंचशील ‘ऑब्झर्व्ह’ करावयाचे आणि श्वासही ‘ऑब्झर्व्ह’च करावयाचा. मराठी अनुवादक एका ठिकाणी ‘पालन’ व दुसऱ्या ठिकाणी ‘निरीक्षण’ लिहून मोकळा होतो. एकच शब्द दोन्हीकडे का चालतो, हा प्रश्न तसाच राहतो.

या शब्दाचे मूळ लॅटिन ‘ऑब्सर्व्हारे’ हे होय. त्यातील ‘सर्व्हारे’ म्हणजे राखणे, सांभाळणे, लक्ष ठेवणे. फ्रेंचमधून चौदाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्रजीत आला तो नियम पाळणे या अर्थाने. बारकाईने पाहणे हा अर्थ तेथे सोळाव्या शतकात रुजला. नामांची मात्र वाटणी झाली : ‘ऑब्झर्व्हन्स’ व्रताकडे गेला, ‘ऑब्झर्वेशन’ वेधशाळेकडे.

पालीत शील घेताना आपण ‘समादियामि’ म्हणतो, म्हणजे ग्रहण करतो. घेतलेले शील राखणे यासाठी ‘रक्खति’ हे क्रियापद आहे. महासतिपट्ठान सुत्तातील शब्द याहून निराळा, ‘अनुपस्सना’. ‘अनु’ म्हणजे मागोमाग, पुनःपुन्हा. ‘पस्सति’ म्हणजे पाहतो. ‘निरीक्षण’ म्हटले की आपल्याला तपासणीस आलेला निरीक्षक आठवतो : बाहेर उभा राहून नोंद करणारा. सुत्तातील ‘कायानुपस्सी’ कायेबाहेर उभा नाही. शिवाय तो ‘आतापी’, ‘सम्पजानो’ आणि ‘सतिमा’ आहे. उद्योगी, जाणता, स्मृतिमान. ‘ऑब्झर्व्ह करा’ म्हणजे नुसते बघत राहा, बाकी काही करू नका, असा अर्थ घेऊन शिबिरांतून परतणारे पुष्कळ भेटतात. तो अर्थ आम्हांस अपुरा वाटतो, आणि अन्याय समोर दिसत असता स्वस्थ बसण्यास निमित्त पुरविणाराही वाटतो.

संयुत्तनिकायाच्या किंसुकोपम सुत्तात सहा दारांच्या नगराची उपमा आहे. तेथील द्वारपाल म्हणजे सति. तो शहाणा आहे. ओळखीच्याला आत सोडतो, अनोळखी माणसाला अडवितो. त्याचे पाहणे हे राखण्यासाठीच आहे. लॅटिन शब्दाने जे जोडले होते ते येथे एका माणसाच्या कामात जोडलेले दिसते. गंमत अशी की आपल्या मराठीतही ते आहेच : नियम ‘पाळणे’ आणि ‘पाळत’ ठेवणे एकाच घरचे. ‘पाळत’ला पोलिसी वास लागला, एवढेच.

आमच्या पाली वर्गात आता आम्ही ‘शील राखणे’ आणि ‘अनुपश्यना’ हेच शब्द वापरतो. मुसावादापासून विरत राहणे म्हणजे काय, हे सांगताना मात्र विद्यार्थ्यांना आधी त्या द्वारपालाची गोष्ट सांगतो.